नऊ मण्यांचे मिनिट

सोमवार, १७ फेब्रुवारी १९८६

पहाटे मतलई वारा, उपरणे पुरेना. संध्या यथासांग. जप अकरा माळा. सौ.ला सकाळी पेज चार चमचे गेली, पाचवा परत आला.

दहाला शुश्रूषागृहात. शस्त्रक्रिया बुधवारी निश्चित. जठरातील गाठ काढावयाची; वरच्या पोटाला वीतभर छेद. शल्यवैद्य मितभाषी गृहस्थ. बाकीचे भूल देणाऱ्या डॉक्टर सांगतील, म्हणून उठून गेले.

भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणजे शुभदा. माझ्याकडे तीन वर्षे संस्कृत शिकलेली. पाठांतराला आळशी, तर्काला तीक्ष्ण. आता मुंबईहून शिकून इथेच परतली आहे. मला अजून 'सर' म्हणते.

तिचे सांगणे असे. शस्त्रक्रियेपूर्वी पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाच्या बाहेर, दोऱ्यासारखी बारीक नळी घालून ठेवावयाची. ती नंतरही चार-पाच दिवस तिथेच. तिच्यातून बधिर करणारे औषध द्यावयाचे. "पण ते एकटं दोन-तीन तासांत उतरतं, सर. वाढवलं तर रक्तदाब पडतो. म्हणून त्यात थोडंसं मॉर्फिन मिसळायचं. मग बारा तास, कधी त्याहून जास्त आराम मिळतो."

"मॉर्फिन म्हणजे अफूचेच सत्त्व ना?"

"हो, अफूच. पण दंडात टोचतात त्याच्या मानाने अगदी थोडी."

"आणि शुद्ध?"

"शुद्ध राहते. गुंगी येते, नाक खाजतं. आणि एक गोष्ट आहे. क्वचित काही तासांनी श्वास मंदावतो. म्हणून कोणीतरी मोजत बसावं लागतं. मिनिटाला दहाच्या खाली गेला तर मला हाक मारायची. उताऱ्याचं इंजेक्शन माझ्याजवळ आहे."

संमतीच्या कागदावर सही हवी. उद्या सांगतो म्हटले.

माझे मन स्वच्छ आहे. देहाचा भोग देहाने भोगून संपवावा, तो मध्येच बुजवला तर उरतो. आणि या वयात पोट फाडल्यावर काय होईल ते कोण सांगणार? अंतकाळ आलाच तर नाम जागेपणी घेता यावे. अफूच्या धुंदीत कसले नाम? बधिर करणारे औषध द्यावे, मिश्रण नको.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सकाळी सौ.ला माझा निर्णय सांगितला. उशीला टेकून बसली होती. हातात आमसुलाच्या साराची वाटी. शांतपणे ऐकून घेतले.

"गेल्या श्रावणात देवळात तुम्ही महिनाभर सहनशीलतेवर बोललात," म्हणाली. "मी रोज पुढे बसून ऐकलं."

"मग?"

"मग काय? पोट माझं कापणार आहेत. तुमचा प्रारब्धभोग तुम्ही भोगा. मला ते मिसळलेलं औषध हवंय."

मी म्हटले, शुद्ध राहणार नाही, नाम सुटेल.

"अनंताच्या वेळी दोन दिवस अडले होते. तेव्हा एकदाही नाम आठवलं नाही हो. नुसती आई आठवत होती. दुखतं तेव्हा देव कुठला?"

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हे प्रथम ऐकले. माझ्याजवळची उत्तरे सगळी देवळातली.

दुपारी सही केली. शुभदा म्हणाली, "काकूंना विचारलंत ना?" मी म्हटले, "त्यांनीच मला सांगितले." ती हसली. मला हसू आले नाही.

चि. अनंतला मुंबईस तार केली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शस्त्रक्रिया. सकाळी नऊ ते साडेबारा. बाहेर जप. माळा मोजल्या नाहीत.

शल्यवैद्य हात पुसत बाहेर आले. गाठ निघाली. परंतु यकृतावर बारीक दाणे दिसले, ते काढण्यासारखे नाहीत. "किती दिवस?" "महिने म्हणा," एवढेच म्हणाले, आणि खांद्यावर हात ठेवला. तो हात मला नको होता.

सौ.ला सांगितलेले नाही. अनंत आल्यावर पाहू.

तीनला खाटेवर आणली. नाकात नळी, पाठीत नळी, दंडात सलाईन. चारला डोळे उघडले. मी विचारले, दुखते का? "ओढल्यासारखं होतंय. दुखत नाही." मग नाक खाजवले. पुन्हा खाजवले. शुभदाने सांगितल्याप्रमाणेच.

संध्याकाळी सिस्टर सुलभाने पोटावर उशी दाबून धरावयास सांगून तिला खोकायला लावले. वीतभर छेद घेतलेली बाई खोकली! आणि खोकून झाल्यावर मला म्हणाली, "मोहोरावर फवारणी केलीन का गड्याने? तुडतुडा पडेल." मी भिंतीकडे तोंड केले.

अफूविषयी जे बोललो ते परत घेतो. येथे लिहून परत घेतो, कारण तोंडाने घेण्याचे धैर्य नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी. दुपारी साडेबारा, खाटेशेजारी

सकाळी सातला शुभदाने पाठीतल्या नळीतून दुसरी मात्रा दिली. नऊपर्यंत सिस्टर सुलभा मोजत होती: पंधरा, चौदा, चौदा. नऊला एक अडलेली बाळंतीण आली. दिवसपाळीला अकरा खाटांना ही एकटीच.

"आजोबा, तुम्ही मोजाल काय? मला तिकडे धावायला हवं. हे माझं घड्याळ घ्या."

घड्याळाचा पट्टा चामड्याचा. विहिरीवर स्नान करून, धूतवस्त्र नेसून मी जपाला बसलेलो. चामडे अंगावर कसे घ्यावे? म्हटले, "बाळ, घड्याळ नको. माझी एक माळ बारा मिनिटांची. नऊ मणी म्हणजे एक मिनिट. चाळीस वर्षांत त्यात फरक पडलेला नाही."

"बघा हां," म्हणाली. "दहाच्या खाली गेला की ओरडा."

उजव्या हातात माळ, डाव्या हाताच्या पेरांवर तिचे श्वास. नऊ मण्यांना चौदा. पुढे तेरा. गेल्या दोन तासांत सतत बारा ते तेरा. एकदाही बाराच्या खाली नाही.

आज जप विलक्षण लागला. इतका खोल, इतका स्थिर या आयुष्यात लागल्याचे स्मरत नाही. एरवी एवढ्या वेळात सतरा माळा व्हाव्यात. आज अकराच झाल्या, आणि वेळ कसा गेला ते कळले नाही. तिचा श्वासही शांत, दीर्घ. मुद्रा प्रसन्न. जणू दोघे एकाच नावेत. परमेश्वराने या वयात, या ठिकाणी हे दिले. कृतज्ञता शब्दांत

त्याच दिवशी, सायंकाळी

वरचे वाक्य पुरे होण्यापूर्वी शुभदा आली.

तिने सौ.च्या ओठांकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे. "सर, किती?" मी म्हटले, बारा. तिने मनगटावरचे घड्याळ पाहत मोजले. तिचे ओठ हलत होते. पूर्ण मिनिट. मग सौ.च्या खांद्याला धरून जोराने हलवले. "काकू! काकू, श्वास घ्या! मोठा घ्या!" दाराकडे वळून ओरडली, "सुलभा, ऑक्सिजन!"

सहा होते. बारा नव्हेत. सहा.

ओठ निळसर झालेले होते. मी समोर बसून पाहत होतो ते निळे ओठ. मला प्रसन्न मुद्रा दिसली.

उतारा सलाईनमधून दिला. थोडा, मग आणखी थोडा. दोन-तीन मिनिटांत तिने डोळे उघडले, आणि मग जी किंकाळी फोडली ती बाहेरच्या आंब्यापर्यंत गेली असेल. उताऱ्याने श्वास परत आणला आणि वेदनाही परत आणली, संपूर्ण, एकदम. माझा हात तिने धरला होता. नखे रुतली.

शुभदाने नंतर मला बाहेर बाकावर बसवले. रागावली नाही. रागावती तर बरे होते. मला एक माळ ओढून दाखवायला सांगितली, आणि घड्याळ लावून बसली. साडेबारा मिनिटे लागली.

"तुमची माळ बरोबरच आहे, सर. पण तिथे तुम्ही काकूंच्या श्वासाकडे बघत जपत होतात. जप तुम्ही श्वासावर करता ना?"

"मुंजीपासून."

"त्यांचा श्वास मंदावला तसा तुमचा मंदावला. तुमच्या श्वासाबरोबर माळ मंदावली. त्यांचे श्वास निम्म्यावर आले आणि तुमचं मिनिट दुप्पट झालं. उत्तर बाराच येणार."

तर्काला तीक्ष्ण, असे मी तिच्याविषयी लिहिले आहे.

दुपारची नोंद खोडली नाही. खोडणार नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

अनंत पहाटेच्या एस.टी.ने आला. सिस्टर सुलभाकडून त्याला सगळे कळले. मग बाहेरच्या कट्ट्यावर माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

"बाबा, घड्याळ समोर धरलं होतं तुमच्या. धरलं होतं की नाही?"

"होते."

"आणि चामड्याचा पट्टा म्हणून नको म्हणालात?"

"होय."

"आईचा जीव गेला असता तर कुठल्या पाण्याने आंघोळ करणार होतात?"

प्रश्न योग्य होता.

नंतर त्याला यकृतावरच्या दाण्यांचे सांगितले. तो कट्ट्यावर बसला. लहान असताना ताप आला की बसत असे तसा, गुडघे पोटाशी घेऊन.

शुभदाने त्याच्यासमोर चूक स्वतःकडे घेतली. "घड्याळाशिवाय मोजायला बसवायला नको होतं. सिस्टर एकटी असते हे मला माहीत होतं. मात्राही त्यांच्या वयाला थोडी जास्त झाली." अनंत म्हणाला, "आता ते मिसळणं बंद." तिने मान हलवली. मिश्रण बंद. नळीतून केवळ बधिर करणारे औषध, शुभदा असेल तेव्हा. ती दिवसातून तीनदा येते. मध्ये दंडात साधी इंजेक्शने. रक्तदाब पडतो म्हणून मात्रा कमी.

सौ. बोलत नाही. पदराचा बोळा दातांत. खोकायला सांगितले की नकारार्थी मान.

शनिवार, २२ फेब्रुवारी

ताप. सकाळी शंभर, दुपारी एकशे एक. शल्यवैद्यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकले: उजवीकडे खाली श्वास पोहोचत नाही. खोकला नाही, दीर्घ श्वास नाही, म्हणून फुप्फुसाचा तेवढा भाग बसला; त्यात कफ. खोकून काढला पाहिजे. खोकण्यासाठी वेदना थांबली पाहिजे. वेदना थांबवणारे बंद केलेले. हे सगळे वर्तुळ मी आखलेले आहे.

आज देवळात माझे प्रवचन असते. निरोप पाठवला की येणार नाही. पुजाऱ्याचा उलट निरोप आला: विषय काय ठेवू? काहीच ठेवू नको म्हणून कळवले.

आज जप केला नाही. करता आला असता. माळ हातात घेतली की ते बारा आठवतात.

मुळाशी काय होते, ते आज लिहितो. आयुष्यभर मंद श्वासाची थोरवी सांगत आलो. ज्याचा श्वास मंद त्याचे चित्त शुद्ध, असे शेकडो मुलांना शिकवले. ती माझ्यासमोर बुडत होती आणि मी तिची साधना सिद्धीस जाताना पाहत होतो. नुसता गणिताचा प्रमाद असता तर इतका जाळत नसता.

दुपारी सिस्टर सुलभाकडे तिचे घड्याळ मागितले. चामड्याच्या पट्ट्यासकट मनगटावर बांधले. तिने पट्ट्याचे एक भोक मागे घेऊन दिले. पलीकडच्या खाटेवर पाय मोडलेले एक नाखवा आहेत. त्यांचे श्वास तासभर मोजले. काट्याकडे पाहत, स्वतःचा श्वास मधूनच मुद्दाम रोखून. सोळा. सोळा. सतरा. शेवटी ते म्हणाले, "भटजीबुवा, माझा काय हिशेब लावताव? मी एवढ्यात जात नाय." सुलभा मोठ्याने हसली. बुधवारपासून या खोलीत प्रथमच कोणी हसले.

रविवार, २३ फेब्रुवारी

ताप एकशे दोन. ओठ कोरडे. श्वास उथळ, मिनिटाला तीस. हे सर्व घड्याळाने.

शुभदा रविवार असून दोनदा आली. दुसऱ्या वेळी आम्हा दोघांना खाटेजवळच बोलावले. म्हणाली, जे बोलायचे ते काकूंसमोर.

"पाठीतली नळी उद्याचा दिवस ठेवता येईल. मग काढावीच लागेल, नाहीतर तिथे पू धरेल. उद्या सकाळी निम्म्या मात्रेने मॉर्फिन मिसळून दिलं, तर काकू दिवसभर खोकू शकतील. कफ सुटेल. नाही दिलं तर..."

अनंत म्हणाला, "आणि दिलं तर? परत तेच झालं तर? आधीच छाती भरलीय."

"होऊ शकतं. म्हणून कोणीतरी डोळा न हलवता मोजायला हवं. मी दहा ते दोन दुसऱ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेला आहे. उतारा भरून सुलभाकडे ठेवीन. सलाईनमधून किती द्यायचा ते तिला दाखवलंय. पण वेळेवर कळायला हवं."

"नको," अनंत म्हणाला. "नको म्हणजे नको."

सौ.ने पदर तोंडातून काढला. दोन दिवसांत प्रथम.

"अनंता. तुझ्या पोटावर वीतभर कापलंन आहे का?"

"आई..."

"मला सगळं माहीत आहे. यकृताचंही. डॉक्टर पडद्याआड बोलतात, पडदा म्हणजे भिंत नव्हे." थांबली. श्वास पुरेना. "जे उरलेत ते दिवस मला असे नकोत. दे गो शुभदा, मिसळून दे."

"मग मोजायला मी बसतो," अनंत म्हणाला.

"तू बस की. पण हेही बसतील. एकदा चुकलेला माणूस परत डुलकी काढत नाही."

मी डुलकी काढली नव्हती. डुलकी असती तर क्षम्य होती.

आईला यकृताचे ठाऊक आहे, हे कळल्यावर अनंत बाहेर गेला. मी गेलो नाही. तिने माझ्या मनगटाकडे पाहिले. पट्ट्यावर बोट फिरवून म्हणाली, "चामडं का हो हे?"

"होय."

"शोभत नाही तुम्हाला." आणि डोळे मिटले.

सही दुसऱ्यांदा केली.

सोमवार, २४ फेब्रुवारी. खाटेशेजारी

स्नान केले. संध्या केली. माळ घरी ठेवली.

८.४० — शुभदाने मात्रा दिली. निम्मी. पिचकारी रिकामी होताना सौ. माझ्याकडे पाहत होती, मी काट्याकडे.

९.०० — अठ्ठावीस.

९.२० — चोवीस. दुखणे कमी. उशी पोटाशी धरून खोकली. पिवळा कफ, वाटीभर. सुलभा म्हणाली, "शाब्बास आजी, अजून!" आणखी खोकली. डोळ्यांतून पाणी, पण किंचाळली नाही.

९.४५ — वीस. शुभदा गेली. जाताना म्हणाली: श्वास दहावर आले की सुलभाला बोलवा, नऊची वाट पाहू नका.

१०.१५ — सतरा. पुन्हा खोकला, पुन्हा कफ. कपाळाला घाम. ताप शंभर पॉइंट चार.

१०.४० — पंधरा. अनंतचेही पंधरा. तो खाटेच्या पलीकडे, त्याचे घड्याळ वेगळे. आम्ही एकमेकांशी बोलत नाही, आकडे सांगतो.

११.०० — चौदा. नाक खाजवले.

११.२० — तेरा. डोळे जड. हाक मारली. "हं."

ओठ पाहिले. नखे पाहिली. ओठ गुलाबी, असे मला वाटते. अनंतला विचारले. "गुलाबी आहेत, बाबा." शुक्रवारनंतर आज प्रथम बाबा म्हणाला.

११.३० — बारा. हा आकडा लिहिताना हात थांबला. पुन्हा मोजले. स्वतःचा श्वास रोखून मोजले. बारा. घड्याळाचे बारा.

११.४० — मी अकरा, अनंत बारा.

तिला हलवले. डोळे न उघडता म्हणाली, "किती झाले?"

"अकरा."

"आणि पास कितीला?"

"दहाला."

"म्हणजे काठावर." ओठाचा कोपरा हलला. "तुमच्या वर्गात पोरं अशीच सुटायची." मग काही वेळाने, "बोलायला लावू नका हो. आकडा चुकेल."

अनंतने सुलभाला हाक मारून दाराशी उभी केली आहे. उताऱ्याची पिचकारी तिच्या हातात. आता दिला तर श्वास वाढेल, आणि पुन्हा ती किंकाळी; छातीत अजून कफ आहे. न दिला तर. शुभदाने सांगितले आहे, दहाला. दहा झालेले नाहीत.

११.४५ — मी अकरा. अनंत अकरा.

११.५० — मोजतो आहे.